बिनपायांचे पक्षी

तसबिरीची पाठ कुणी बघत नाही. देवाच्या तसबिरीची तर नाहीच नाही. पुढून माणसं वर्षानुवर्षं उदबत्ती ओवाळत राहतात आणि मागे कोळी सुखानं संसार करतो. मी तसबिरी मढवणाऱ्याची मुलगी. मला देव आधी पाठीकडून ओळखता यायला लागले, पुढून नंतर.

गेल्या वैशाखात भाच्यानं दुकानातून निरोप पाठवला, "आत्या, जमलं तर येऊन जा. आजोबांच्या हातची एक तसबीर आल्ये." दुकान तेच, रत्नागिरीच्या बाजारातलं, माझ्या वडिलांचं, आप्पांचं. आता तिथे प्रमाणपत्रं आणि लग्नाचे फोटो मढवतात. सागाचा भुसा नाही, सरसाचा वास नाही. टेबल मात्र जुनंच आहे. त्या टेबलावर एक बऱ्यापैकी मोठी तसबीर पालथी ठेवलेली होती.

"काच तडकल्ये," भाचा म्हणाला. "गुहागरच्या एक बाई देऊन गेल्या. म्हणाल्या, जपून करा हो, आमच्याकडे नवी सून माप ओलांडून आत आली की आधी या लक्ष्मीच्या पाया पडते. पिढ्यांची रीत आहे म्हणे. चुका बघा, तिरक्या जोडीनं ठोकलेल्या. आजोबाच असे ठोकायचे ना?"

मी आडनाव विचारलं. त्यानं सांगितलं. मी स्टुलावर बसले. चूक म्हणजे बारीक खिळा. एक वाकडी गेली होती, ती तशीच लाकडात दाबून टाकलेली होती. आप्पांनी वाकडी चूक कधी ठेवली नसती.

"उघडू?" त्यानं पकड हातात घेत विचारलं.

"थांब जरा," मी म्हटलं. "आधी चहा सांग."

मला त्या वेळी काही वाटलं असं म्हणता येणार नाही. आमच्या घरात वाटून घेण्याची पद्धत कमीच होती. काही झालं की आई चुलीपुढे बसायची, आप्पा काच कापायला घ्यायचे. हिरकणी काचेवरून फिरली की दातात कळ जाईल असा एक बारीक आवाज निघतो. माझ्या लहानपणी आमच्या घरात जे कुणी बोललं नाही, ते सगळं मला त्या आवाजात ऐकू येतं. बाकी दिवस खळीच्या वासाचे होते. कणकेची खळ शिजवायची, तिच्यात कसर लागू नये म्हणून मोरचूद टाकायचं, आणि आईनं दर वेळी ओरडायचं की हे पातेलं दुसऱ्या पातेल्यांत मिसळू नका. मिसळायचंच.

अक्का, माझी मोठी बहीण, त्या दिवाळीनंतर माहेरी आली ती एका गाठोड्यानिशी. लग्नाला वर्ष होत होतं. गुहागरला तिच्या सासरी माडा-पोफळींची वाडी होती, माणसं बरी होती, नवराही बरा होता. पण ती उंबरा ओलांडून आत गेली आणि त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी तिचा धाकटा दीर दाभोळच्या खाडीत मचवा उलटून गेला. सासूनं अंथरूण धरलं आणि अंथरुणातून एकच वाक्य बोलली, सून पांढऱ्या पायाची आहे. मग सासरे म्हणाले, थोडे दिवस माहेरी राहून ये, हिचं मन निवळलं की बोलावणं पाठवतो.

आम्ही बोलावण्याची वाट बघायला लागलो. वाट बघणं हे तसं कामच असतं, फक्त त्याला हात लागत नाहीत. दाभोळहून येणारी आगबोट बंदराबाहेर उभी राहायची, भोंगा व्हायचा, पडाव माणसं उतरवून धक्क्याला आणायचे. भोंगा झाला की अक्का पदर सारखा करायची. आप्पा काही ना काही निमित्त काढून बंदराकडे चक्कर टाकायचे आणि बांगडे घेऊन परत यायचे. त्या हिवाळ्यात आम्ही फार बांगडे खाल्ले.

त्याच हिवाळ्यात टेकडीवरच्या बंगल्यातला एक गोरा साहेब बदलून गेला आणि त्याच्या सामानाचा लिलाव झाला. लोकांनी खुर्च्या घेतल्या, दिवे घेतले, कुणी घोड्याचं खोगीरही घेतलं, घोडा नसताना. आप्पांनी भिंतीवरच्या तसबिरी घेतल्या. त्यांना आतल्या चित्रांशी कर्तव्य नव्हतं. चौकटी जुन्या सागाच्या होत्या आणि काच विलायती, बुडबुडा नसलेली. हमालानं ओझं आणून ओटीवर ठेवलं, आणि आप्पा एकेक तसबीर पालथी घालून उघडायला लागले.

आत गणपती नाही, राणी नाही, डोंगरदेखावाही नाही. प्रत्येकात एक ढाल. ढालीच्या वर लोखंडी शिरस्त्राण, त्याच्यावर एखादा पंजा नाहीतर रानडुकराचं मुंडकं, दोन्ही बाजूंनी पानांचे झुपके आणि खाली फितीवर न कळणारी अक्षरं. सगळं काळ्या रेघांचं. कागद मात्र जाड, कापडासारखा. कडेनं बोट फिरवलं की एक खोलगट चौकोन लागायचा. तांब्याचा पत्रा दाबून छापतात, त्याची खूण, आप्पा म्हणाले. त्यांनी एक कागद उजेडाकडे धरला, वासही घेतला, आणि म्हणाले, "पाठीला झकास."

म्हणजे त्यांनी ठरवलं की हे कागद देवांच्या मागे घालायचे. कसर लागणार नाही, ओल धरणार नाही.

"दुसऱ्याचं काहीतरी आपल्या देवामागे कशाला हो?" आई म्हणाली.

"देवाला पाठ लागते," आप्पा म्हणाले. "ती कुणाची का असेना."

समोरच्या माडीवर एक वकील राहत. आम्ही त्यांना वकीलकाका म्हणायचो. संध्याकाळी ते ओटीवर येऊन बसायचे आणि काही विचारलं नाही तरी सांगायचे. ते कागद बघून त्यांना इतका आनंद झाला की आईनं चहा दिला तो थंड करून प्यायले. म्हणाले, "अहो, ही त्यांच्या घराण्यांची चिन्हं. शे-दोनशे वर्षांपूर्वीचे छाप असतील. आपल्याकडे लग्नात देवक बसवतो ना, कुणाचं कळंबाच्या फांदीचं, कुणाचं मोराच्या पिसाचं, तसंच समजा. यांचं ढालीवर असतं, एवढंच."

"पण रंग नाहीत," आप्पा म्हणाले. त्यांना रंगीत चित्रांचीच सवय.

"आहेत तर. रंग छापता येत नव्हते, तेव्हा यांनी रेघांवर भागवलं. उभ्या रेघा म्हणजे लाल. आडव्या म्हणजे निळा. ठिपके दिले की सोनं. आणि कोरं सोडलं की चांदी, म्हणजे पांढरं. ज्याला वाचता येतं त्याला सगळे रंग दिसतात."

अक्का दाराआड उभी होती. माहेरवाशीण असूनही ती हल्ली दाराआडच उभी राहायची. एका कागदावर तीन पक्षी होते, भोरड्यांएवढे, आडव्या रेघांच्या ढालीवर कोरे सोडलेले. त्यांना पाय नव्हते. पोटाखाली पाय जिथे सुरू व्हायचे तिथे दोन झुबके, आणि संपलं. मी विचारलं तेव्हा वकीलकाका म्हणाले, "ती धाकट्या मुलाची खूण. त्याला बापाची जमीन मिळत नाही. मग उतरायला जागाच नाही, तर पक्ष्याला पाय कशाला?"

ते गेल्यावर अक्का बाहेर आली आणि तो कागद उचलून बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "पांढरे आहेत. पण पाय नाहीत. म्हणजे यांना कुणाला पांढऱ्या पायाचे म्हणता येणार नाही."

ती हसली. आईचा हात भाजी निवडता निवडता थांबला. आप्पांनी उगाचच एक काच उजेडात धरून पाहिली. मी मात्र मोठ्यानं हसले, कारण मला ते खरंच गमतीदार वाटलं होतं.

"हा कागद पाठीला देऊ नका, आप्पा," अक्का म्हणाली. "माझ्याकडे राहू दे."

तो हिवाळा आम्ही दोघी रेघांत बोलायला शिकलो. आईचं लुगडं आडव्या रेघांचं, कोकमं उभ्या रेघांची, हळद ठिपक्यांची. शेजारच्या विधवा आत्याबाईंचं आलवण उभ्या रेघांचं, आणि कपाळ कोरं. दुपारी झोपाळ्यावर बसून मी विचारायची, समुद्र? ती म्हणायची, आडव्या, पण जवळ गेलं की कोरा. शाळेतून येताना मी ढाली रचत यायची. आमच्या घराण्याची ढाल मी केली होती तिच्यावर खळीचं पातेलं होतं. अक्काला विचारलं, तुझ्या सासरची? तर म्हणाली, "पोफळ काढ एक. आणि पेटी. माझी पेटी राहिल्ये तिथे." पेटी तिथे राहिली आहे, म्हणजे ती जाणारच आहे. हे तिनं असं बोलून दाखवलं नव्हतं, पण आम्ही सगळेच त्या पेटीच्या भरवशावर होतो.

एकदा ती मला म्हणाली, "पण झोपत कुठे असतील गो ते?"

"कोण?"

"जाऊ दे," म्हणाली.

होळी झाली, पाडवा झाला. आंबे उतरले, पेट्या भरून मुंबईला गेले. आगोट आली, म्हणजे घरोघर पावसाळ्याची बेगमी, वाळवणं, सुकी मासळी, चुलीसाठी लाकडं. पाऊस सुरू झाला की बोटी बंद होतात, त्या नारळी पुनवेपर्यंत. हे रत्नागिरीत पोरासोरांनाही ठाऊक असतं. कुणी आलं तर आता, नाहीतर थेट श्रावणात. आई रोज म्हणायची, उद्याच्या बोटीनं येतील. उद्याची बोट यायची आणि जायची. अक्कानं गाठोडं बांधून ठेवलं होतं. त्यावर ती डोकं टेकून दुपारची पडायची, त्यामुळे ते चपटं झालं होतं.

शेवटच्या बोटीनं खरंच माणूस आला. अक्काच्या सासरच्या वाडीतला म्हातारा गडी. धक्क्यावरून हमालाच्या डोक्यावर पेटी घेऊन तो आमच्या ओटीशी उभा राहिला. पेटी बघितल्याबरोबर अक्का आत वळली. मला वाटलं, लुगडं बदलायला गेली.

आईनं त्याला गूळपाणी दिलं. तो ते पिऊन, भांडं पालथं घालून, जमिनीकडे बघत म्हणाला, "बाई, आतलं सगळं आमच्या वैनीबाईंचं हाय. काढून घ्या. पेटी आमची हाय. ती रिकामी करून, बोटी चालू झाल्या की परत धाडा, असं सांगितलानी. मार्गशीर्षात दुसरं लगीन हाय. नवीन सुनेला लागंल."

आईनं पालथं भांडं उचलून घेतलं. तो म्हातारा म्हणाला, "मी नुसता निरोप्या हाय हो," आणि गेला. भाऊ, माझा धाकटा भाऊ, तेव्हा पाळण्यात होता. तो रडायला लागला आणि आईला उठायला निमित्त मिळालं. आप्पा दुकानात जाऊन काच कापायला बसले. काच हिरकणीच्या रेघेवरच तुटते, हा त्यांचा जन्माचा भरवसा. त्या दिवशी ती रेघ सोडून गेली. त्यांनी दुसरी घेतली, तीही गेली. मग त्यांनी हिरकणी डबीत ठेवली.

अक्कानं पेटी स्वतः रिकामी केली. लुगडी, खण, रुखवतातली कापडी बाहुली, चांदीचा करंडा. प्रत्येक वस्तू काढताना पोफळीच्या वाडीचा ओलसर वास यायचा. ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल, आणि मी जवळ बसून राहीन, असं मी मनात ठरवूनही ठेवलं होतं. ती म्हणाली, "बाहुली तुला घे." मी त्या वयाची राहिले नव्हते, तरी घेतली.

पावसाळाभर ती रिकामी पेटी माजघरात होती. तिला वळसा घालून आम्ही जायचो. कोनाड्यातल्या दिव्याची काजळी, ओल्या गोणपाटांचा वास, कौलांवरचा तोच तो आवाज. अक्का जेवायची, खळ शिजवायची, भावाला झोपवायची. तिच्याशी बोललं की उत्तर यायचं, पण ते दुसऱ्या खोलीतून आल्यासारखं. रेघांचा खेळ मी एकदा काढून पाहिला. विचारलं, आभाळ? ती म्हणाली, "कोरं." मी म्हटलं, काळं आहे की. ती म्हणाली, "मला कोरंच दिसतं." त्यानंतर मी विचारलं नाही.

श्रावणात माझी शाळेची शिसपेन्सिल हरवली. मी घर डोक्यावर घेतलं. तिसऱ्या दिवशी ती दप्तरात सापडली, निम्मी झालेली, पण टोक असं केलेलं की सुईनं लाजावं. मी अक्काकडे पाहिलं. ती नारळ खवत होती.

नारळी पुनव झाली. समुद्राला नारळ गेले, बोटी सुरू झाल्या. आप्पा म्हणाले, "पेटी उद्या धाडून देतो."

"त्यांच्या तोंडावर फेका रिकामी," आई म्हणाली. तिच्या तोंडून मी असा शब्द पहिल्यांदा ऐकला.

"नको गो आई," अक्का म्हणाली. "भरून आलेलं भांडं आपण कधी रिकामं परत देतो का? शेजारणीची वाटी असली तरी साखरेचा दाणा टाकतेस तू." मग आप्पांकडे वळून, "एक लक्ष्मी द्या मढवून. चांगली. त्या बंगल्यातल्या चौकटीतली. नवीन मुलगी येत्ये त्या घरात. तिचं तरी बरं होऊ दे."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. ते कधी फारसं बघत नसत कुणाकडे. त्यांनी सगळ्यांत मोठी चौकट काढली, लक्ष्मीचं मुंबईचं रंगीत चित्र काढलं, कमळात उभी, दोन हत्ती. काच त्या दिवशी नीट रेघेवर तुटली. चित्र बसवून झालं तसे ते पाठीचा कागद घ्यायला उठले.

"पाठ मी लावत्ये," अक्का म्हणाली. "चुकाही मी ठोकत्ये. तुम्ही जेवून घ्या."

बायकांनी दुकानात हातोडी धरायची पद्धत नव्हती. पण आप्पा जेवायला उठून गेले. मी आतून ठकठक ऐकली. एकदा आवाज चुकला, तेव्हा चूक वाकली असणार. तसबीर भुशात ठेवून, गवताच्या पेंढ्यांनी धरून तिनं पेटीत बसवली. वर हळदीकुंकवाची पुडी ठेवली, पेटीला दोरी बांधली आणि हात झटकले.

पेटी गेली. पोचली का, कुणी उघडली, काय म्हणाले, काही कळलं नाही. तीन पक्ष्यांचा कागद मी पुढे बरेच दिवस शोधला. अक्काला विचारलं तर म्हणाली, "दिला."

"कुणाला?"

"ज्यांच्याकडे उतरायला जागा आहे त्यांना."

मला वाटलं, वकीलकाकांना दिला.

मग अक्का आमच्याकडेच राहिली. माझं लग्न झालं, भावाचं झालं, भावाची मुलं तिच्या मांडीवर वाढली. ती कपाळाला कुंकू लावत होती, कारण नवरा होता. तो गेल्याचं आम्हाला दुसऱ्याच कुणाकडून, फार उशिरा कळलं. आईनं निरोप सांगितला तेव्हा अक्का खळीत मोरचूद घालत होती. ती म्हणाली, "बरं," आणि ढवळत राहिली. त्यानंतर कुंकू लावलं नाही. मीही तिला काही विचारलं नाही, कारण आमच्याकडे तशी पद्धतच नव्हती. ती गेली तेव्हा गुहागरहून कुणी आलं नाही. कुणाला कळवायचं हेही आम्हाला सुचलं नाही. मी तेरा दिवस माहेरी राहिले, स्वयंपाक केला, पितळेची भांडी घासली. रडले असेन, पण मला ते आठवत नाही.

चहाचा कप रिकामा झाला होता. भाचा पकड घेऊन तसाच उभा.

"उघड," मी म्हटलं.

त्यानं एकेक चूक उपसली. वाकडी चूक निघेना, तेव्हा तो म्हणाला, "आजोबा म्हातारे झाले असतील तेव्हा."

"आजोबा नव्हे रे," मी म्हटलं. "तुझी मोठी आत्या. ही तिनं ठोकल्ये."

पुठ्ठा निघाला. पुठ्ठ्याखाली, लक्ष्मीच्या पाठीला पाठ लावून, तो जाड कागद होता. कसर लागली नव्हती, ओल धरली नव्हती. आप्पांचं खरं होतं. आडव्या रेघांची ढाल, तिच्यावर तीन कोरे पक्षी.

"अरेच्या," भाचा वाकून म्हणाला. "पक्ष्यांना माणसांचे पाय कुणी काढले हे?"

तिघांनाही पाय होते. गौर आणतो त्या दिवशी उंबऱ्यापासून आत काढतो तशी पावलं, पाच पाच बोटांची, पेन्सिलीनं काढलेली. बोटं सगळी आतल्या बाजूला वळलेली. जाणारी नव्हती ती, घरात येणारी होती. मी चष्मा पुसून पुन्हा घातला आणि कागद उजेडाकडे धरला. पावलं कोरी नव्हती. ती आतून रेघांनी भरली होती, इतक्या बारीक की सुईच्या टोकाचीच पेन्सिल हवी. एकही रेघ आडवी नव्हती.

पन्नासाच्या वर वर्षं त्या घरातल्या सुना माप ओलांडून आत आल्या की आधी इथे वाकत होत्या. अक्काची इतकी आठवण मला ती गेली तेव्हाही आली नव्हती. 

"आणि पायांत या रेघा कसल्या, आत्या?"

"रंग आहे तो."

"कसला रंग? नुसती पेन्सिल आहे की."

"लाल," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. तो समजूतदार मुलगा आहे, त्यानं पुढे विचारलं नाही. कागदाची कड बोटानं चाचपत म्हणाला, "हा काढून ठेवू का? जुना आहे, विलायती आहे. पाठीला मी नवा पुठ्ठा घालतो."

"नको. होता तसाच घाल. चुकाही त्याच ठोक, वाकडीसकट."

"आणि त्या बाईंना काय सांगू?"

मी कागद परत लक्ष्मीमागे ठेवला, कडा जुळवल्या.

"काच बदलली म्हणून सांग," मी म्हटलं.